व्रतस्थ स्त्रियांचं घर

१७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवं शहर आखलं जाऊ लागलं. १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल झाला, १९९२ मध्ये लोकल वाशीला पोचली. नकाशात सेक्टर होते, बाजार होते, शाळांचे भूखंड होते, देवळं, मशिदी, गुरुद्वारे, चर्च यांच्यासाठीही जागा होत्या. या शहरात उद्या उभ्या राहणाऱ्या लाखो घरांतली भांडी कोण घासणार, पोळ्या कोण लाटणार, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना कोण सांभाळणार आणि ही कामं करणारी माणसं रात्री कुठे निजणार, याचं उत्तर मात्र नकाशात नव्हतं. ते उत्तर तुर्भे स्टोअरच्या, दिघ्याच्या, डोंगरकडेच्या वस्त्यांनी दिलं. दुष्काळाने गावातून उठवलेल्या बायका तिथे येऊन राहिल्या आणि सकाळी उठून वाशी-नेरूळच्या सोसायट्यांचे जिने चढू लागल्या.

याच शहरात आणखी एका प्रकारच्या बायका आल्या. त्याही आपापलं गाव सोडून आलेल्या. कुणी केरळातून, कुणी मंगळूरहून, कुणी गोव्यातून, कुणी वसईतून, आणि अलीकडे पुष्कळ जणी झारखंड-ओडिशाच्या आदिवासी गावांतून. त्या कॅथलिक धर्मभगिनी. नवी मुंबईत कॅथलिक चर्चच्या दोन मोठ्या परंपरा शेजारी शेजारी नांदतात. एक लॅटिन परंपरेचा मुंबई महाधर्मप्रांत, दुसरा मल्याळी सिरो-मलबार परंपरेचा कल्याणचा, जो १९८८ मध्ये धर्मप्रांत म्हणून स्थापन झाला. दोन्हीकडे सिस्टर आहेत. वांद्र्याच्या किंवा भायखळ्याच्या जुन्या कॉन्व्हेंटसारख्या दगडी कमानी त्यांच्या वाट्याला आल्या नाहीत. नव्या शहरात सिस्टरांचं घर म्हणजे कुठे शाळेच्या वरचा मजला, कुठे रो-हाउस, कुठे साधा फ्लॅट. दारावर लहानसा क्रूस दिसला तरच कळतं.

मराठी मध्यमवर्गाला सिस्टर भेटते ती प्रवेशाच्या दिवसांत शाळेच्या कचेरीत, नाहीतर इस्पितळाच्या वॉर्डात. मुलांचं इंग्रजी आपण तिच्या हातून घेतलं, आईची शुश्रूषा तिच्या हातून घेतली. ती संध्याकाळी कुठे परतते, कुणाबरोबर जेवते, महिन्याच्या पगाराचं काय करते, हे विचारावं असं आपल्याला फारसं वाटलं नाही. मला वाटतं, तिच्या कामाचा उलगडा तिथेच आहे. सिस्टर जे करू शकते ते ती ज्या घरात राहते त्या घरामुळे करू शकते. ते घर समजून न घेता तिची स्तुती केली तर ती वरवरची होते आणि तिच्यावर संशय घेतला तर तोही वरवरचाच राहतो.

या घरात शिरणं सोपं नाही. चर्चच्या कायद्याप्रमाणे वयाची सतरा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मुलीला नोव्हिस, म्हणजे नवदीक्षित, म्हणून घेता येत नाही. त्याआधी उमेदवारीचा काळ असतोच. नोव्हिशिएट, म्हणजे नवदीक्षितांचा हा काळ, किमान बारा महिन्यांचं आणि दोन वर्षांच्या आतलं. त्यानंतर दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रतं, पण तात्पुरती, किमान तीन वर्षांसाठी. आजीवन व्रतं वयाच्या एकविसाव्या वर्षाआधी घेताच येत नाहीत, आणि प्रत्यक्षात ती बरीच उशिरा होतात. या सगळ्या काळात परत जाण्याचं दार उघडं असतं, आणि काही मुली परत जातातही. त्यात कुणी कमीपणा मानू नये. उलट मला तर ही व्यवस्था शहाणपणाची वाटते. आपल्याकडे एका संध्याकाळच्या चहापोह्यांवर आयुष्याची गाठ बांधली जाते, तिथे या मुलींना नकार द्यायला काही वर्षं मिळतात.

दिवस पहाटे सुरू होतो. सकाळची प्रार्थना, चिंतन, मिस्सा, मग न्याहारी आणि आपापलं काम. कुणी शाळेत, कुणी दवाखान्यात, कुणी वस्तीत. संध्याकाळी पुन्हा एकत्र प्रार्थना, जपमाळ, जेवण, थोड्या गप्पा किंवा कॅरम, आणि रात्रीचं मौन. महिन्यातून एक दिवस आत्मपरीक्षणाचा, वर्षातून सहसा आठ दिवसांची मौनसाधना. ऐकायला हे वेळापत्रक शांत वाटतं. पण त्या टेबलाभोवती बसलेल्या पाच-सहा जणींनी एकमेकींना निवडलेलं नसतं. एकीला खोबऱ्याच्या वाटणाशिवाय जेवण जात नाही, दुसरी भात आणि पालेभाजीवर वाढलेली, तिसरीला वसईकडचं सुकं मासळीचं कालवण आठवत असतं. भाषा वेगळ्या, वयं वेगळी. सत्तरीतली निवृत्त मुख्याध्यापिका आणि तिशीतली परिचारिका एकाच न्हाणीघराबाहेर थांबतात. नवरा नाही, मूल नाही, स्वतःची खोलीही कधी कधी नाही. कुरबुरी होतात, अबोले होतात. व्रतस्थ आयुष्य म्हणजे अखंड शांती असं ज्यांना वाटतं त्यांनी कुठल्याही एकत्र कुटुंबाचं स्वयंपाकघर आठवावं. फरक इतकाच, की इथे भांडून वेगळी चूल मांडता येत नाही. रात्री झोपण्याआधी पुन्हा एकाच प्रार्थनेला बसावं लागतं.

पैशाची गोष्ट याहून महत्त्वाची आहे. सिस्टर शिक्षिका असो, डॉक्टर असो की प्राचार्य, तिचा पगार घराच्या सामाईक खात्यात जातो. खजिनदार सिस्टर हिशेब ठेवते. चप्पल तुटली, चष्मा बदलायचा झाला, गावी जायचं तिकीट काढायचं झालं, तर मागावं लागतं. एम.एस्सी. झालेली, हजार मुलांची शाळा चालवणारी बाई शंभर-दोनशे रुपयांसाठी दुसऱ्या बाईला विचारते, हे आपल्याला चमत्कारिक वाटेल. पण याच सामाईक थैलीमुळे बिनपगारी काम करणारी सिस्टर वस्तीत दिवसभर फिरू शकते. एकीच्या पगारावर दुसरीचं निःशुल्क काम चालतं. देणगीदार, अनुदान, प्रकल्पाची मुदत, या गोष्टी संपल्या तरी घर संपत नाही आणि म्हणून कामही लगेच संपत नाही. समाजसेवी संस्था तीन वर्षांच्या प्रकल्पानंतर गाशा गुंडाळताना पाहिलेल्या माणसाला या टिकाऊपणाची किंमत नीट कळते.

पगाराचा हा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयातही गेला होता. अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या सिस्टर आणि फादर यांच्या पगारातून आयकर कापायचा की नाही, असा वाद तमिळनाडू आणि केरळातून उठला. धर्मसंघांचं म्हणणं असं, की दारिद्र्याचं व्रत घेतलेली व्यक्ती चर्चच्या कायद्यात मालमत्तेच्या दृष्टीने जणू मृतच असते. पगार तिचा नसतोच, तो संघाचा असतो. १९४४ च्या एका सरकारी परिपत्रकाचाही आधार दिला गेला. मद्रास उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१९ मध्ये हे मानलं नाही. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने नव्वदहून अधिक अपिलं फेटाळली. पगार व्यक्तीला मिळतो, पुढे तिने तो कुणाला द्यावा हा तिचा प्रश्न, कर कापला जाईल. कायद्याच्या दृष्टीने निकाल मला योग्य वाटतो. सरकारच्या तिजोरीतून पगार घेणाऱ्या सगळ्यांना एकच नियम हवा. पण या खटल्याच्या निमित्ताने एक गोष्ट न्यायालयाच्या कागदावर आली, ती म्हणजे हजारो शिकलेल्या बायका आपल्या पगाराला हात न लावता आयुष्य काढतात. ती वर्तमानपत्रांच्या मथळ्यात आली नाही. मथळा कराचाच झाला.

आज्ञापालनाचं व्रत बाहेरच्या माणसाला सगळ्यांत खटकतं. प्रांताच्या प्रमुखांचं पत्र येतं आणि दहा वर्षं रुजलेली सिस्टर दोन बॅगा घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात जाते. पालकांची गर्दी, वस्तीतल्या बायकांचे डोळे, काहीही तिला थांबवू शकत नाही. यात अन्यायही होतो. माणूस कामाला नुकता उपयोगी पडू लागतो आणि उचलला जातो. पण याच नियमाची दुसरी बाजू आपण पाहत नाही. या घरातली सत्ताही मुदतीची असते. सुपिरियर ठरावीक वर्षांसाठी नेमली किंवा निवडली जाते. मदर जनरलची निवड संघाच्या महासभेत गुप्त मतदानाने होते. मुदत संपली की काल जिच्या सहीने बदल्या होत होत्या ती बाई उद्या सामान्य सिस्टर म्हणून भांड्यांच्या पाळीत उभी राहते. महाराष्ट्रातल्या शिक्षणसंस्था, सहकारी साखर कारखाने आणि पक्ष, यांच्या खुर्च्या बापाकडून मुलाकडे जाताना आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिल्या आहेत. त्याच महाराष्ट्रात बायकांच्या या संस्था दीडशे वर्षं खुर्ची सोडण्याचा सराव करत आल्या आहेत.

दीडशे वर्षं म्हटलं, पण मूळ त्याहून जुनं आहे. १६०६ मध्ये आर्चबिशप अलेक्सो द मेनेझिस यांनी जुन्या गोव्यात सांता मोनिका हा स्त्रियांचा मठ सुरू केला. भव्य इमारत, पण आत गेलेली बाई बाहेर येत नसे. जाळीआडची प्रार्थना हेच तिचं काम. पोर्तुगालने पुढे मठांवर बंदी घातली आणि १८८५ मध्ये तिथली शेवटची संन्यासिनी वारली. तोवर मुंबईत दुसऱ्याच जातीच्या सिस्टर येऊन पोचल्या होत्या. बेल्जियममधल्या लिएजहून ‘डॉटर्स ऑफ द क्रॉस’ १८६० च्या दशकात मुंबईला आल्या. शाळा, अनाथालयं, दवाखाने, म्हणजे रस्त्यावरचं काम. आश्चर्य हे, की स्वतः चर्चलाच अशा फिरत्या सिस्टरांना पूर्ण अर्थाने व्रतस्थ मानायला वेळ लागला. ती मान्यता १९०० मध्ये पोप लिओ तेरावे यांनी दिली. आणि सिस्टरांनी प्रसूती करावी, शस्त्रक्रिया करावी, याला रोमची मोकळी परवानगी मिळाली ती थेट १९३६ मध्ये. त्यामागे ॲना डेंगल या ऑस्ट्रियन डॉक्टरांचा मोठा वाटा होता. रावळपिंडीत काम करताना त्यांनी पाहिलं होतं, की पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरकडे जात नाहीत आणि बाळंतपणात मरतात. त्यांनी १९२५ मध्ये वैद्यकीय सिस्टरांचा संघ काढला आणि नियम बदलायची वाट पाहत काम चालू ठेवलं. आज भारतातल्या खेड्यापाड्यांत सिस्टरांची जी प्रसूतिगृहं दिसतात त्यांच्यामागे ही अकरा वर्षांची चिकाटी आहे.

मुंबईने स्वतःचाही एक धर्मसंघ जगाला दिला, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. ॲना ह्युबर्टा रॉगेनडॉर्फ या जर्मन सिस्टरने १९४२ मध्ये अंधेरीत ‘हेल्पर्स ऑफ मेरी’ हा संघ सुरू केला. अनाथ मुलं आणि कुष्ठरुग्ण हे त्यांचं मुख्य काम. वर्सोव्याचं विमला त्वचारोग केंद्र त्यांचंच. कुष्ठरोगावर बहुविध औषधांचा उपचार १९८० च्या दशकात आला. त्याआधी जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, घरच्यांनी टाकलेल्या माणसाशेजारी बसणं, एवढंच हातात होतं आणि ते या बायकांनी केलं. अंधेरीच्या मुलांसाठी मदत गोळा करता करता जर्मनीतल्या बॉन शहरात १९६७ मध्ये ‘अंधेरी-हिल्फे’ नावाची संस्था उभी राहिली. आपल्या उपनगराचं नाव तिथे अशा रीतीने पोचलं. मुंबईत जन्मलेल्या या संघाच्या सिस्टर आज इथिओपिया आणि केनियातही काम करतात.

तरीही माझ्या मते सिस्टरांच्या कामाला खरं वळण लागलं ते दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर. १९६५ मध्ये परिषदेने धर्मसंघांना सांगितलं, तुमच्या संस्थापिकेने ज्या तळमळीने सुरुवात केली तिथे परत जा आणि आजच्या माणसाच्या गरजेकडे पाहा. अनेक सिस्टरांनी स्वतःला विचारलं, आपण श्रीमंतांच्या मुलींना पियानो शिकवायला व्रतं घेतली होती का? काही जणी झग्याऐवजी साडी नेसू लागल्या, काही मोठ्या कॉन्व्हेंटमधून निघून वस्तीतल्या खोलीत राहायला गेल्या. नवी मुंबईत घरकाम करणाऱ्या बायकांशी ज्यांच्या कामाचा सगळ्यांत जवळचा संबंध आहे त्या सिस्टर जान डेव्होस याच वळणावरच्या.

जान डेव्होस बेल्जियमच्या. जन्म १९३५ चा. त्या ज्या संघात गेल्या त्याची सुरुवात मात्र भारतातली. मारी लुईझ द मेस्तेर या बेल्जियन सिस्टरने १८९७ मध्ये कन्याकुमारी जिल्ह्यातल्या मुळगुमुडु गावी तो स्थापला होता. जान १९६३ मध्ये भारतात आल्या, दक्षिणेत विद्यार्थ्यांच्या चळवळीत रमल्या. तिथे त्यांचं लक्ष घरोघरी राबणाऱ्या मुलींकडे गेलं. १९८५ मध्ये त्यांनी मुंबईत घरकामगारांची राष्ट्रीय चळवळ सुरू केली. वाशी आणि नेरूळ भरत होतं तेच हे दशक.

ही वाट त्यांनीच पहिल्यांदा काढली असं नाही. पुण्यात १९८० मध्येच घरकाम करणाऱ्या बायकांनी आपण होऊन संप केला होता आणि डाव्या कार्यकर्त्यांच्या साथीने मोलकरीण संघटना उभी केली होती. महाराष्ट्राने तो संप विसरू नये. सिस्टरांच्या चळवळीने दुसरी एक गोष्ट आणली. देशाच्या कानाकोपऱ्यात आधीच पसरलेली घरं. झारखंडातल्या गावातून मुलगी दलालाबरोबर निघाली तर गावातही सिस्टर होती आणि मुंबईतही. छापील पत्रक जिथे पोचत नाही तिथे एका सिस्टरचा दुसरीला निरोप पोचत असे. एका संघापुरती ही गोष्ट राहिली नाही, अनेक संघांच्या सिस्टरांनी आणि बिगरख्रिस्ती कार्यकर्त्यांनी ती राज्याराज्यांत उचलली. आणि हळूहळू पुढे घरकामगार बायकाच उभ्या राहून बोलू लागल्या. मालकिणीसमोर खाली बसणारी बाई मंत्र्यांसमोर उभी राहून किमान वेतन मागते, तेव्हा त्यामागे वर्षानुवर्षांच्या रविवारच्या बैठका असतात. रविवार, कारण कुणाला सुट्टी मिळाली तर त्याच दिवशी मिळे.

या आणि इतर संघटनांच्या रेट्याचे परिणाम कागदावर दिसतात. १० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवणं बेकायदा ठरलं. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१० च्या मसुद्यातून घरकामगारांना चक्क वगळलं होतं. २०१३ च्या कायद्यात त्या आल्या, कारण संघटनांनी गप्प बसायचं नाकारलं. १६ जून २०११ रोजी जिनिव्हात आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने घरकामगारांच्या हक्कांचा करार क्रमांक १८९ मंजूर केला. ३९६ मतं बाजूने, १६ विरोधात. भारताने बाजूने मत दिलं. मात्र त्या कराराला मान्यता देण्याचं काम भारताने केलं नाही. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी स्वतंत्र कायद्याचा विचार करायला समिती नेमा असं केंद्राला सांगितलं. म्हणजे चाळीस वर्षांनंतरही देशपातळीवरचा कायदा अजून विचाराधीन आहे. आपल्याकडचं मंडळही कायदा झाल्यावर तीन वर्षांनी बनलं आणि मग काही काळ जवळजवळ निपचित पडलं.

घरकामगारांच्या चळवळीपलीकडे, सिस्टरांच्या आणखी एका कामाची गोष्ट सांगायला हवी. पुण्याजवळच्या वढू बुद्रुकचं नाव मराठी माणसाला छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे माहीत आहे. तिथेच सिस्टर लुसी कुरियन यांनी १९९७ मध्ये ‘माहेर’ सुरू केलं. लुसी केरळच्या कन्नूर जिल्ह्यातल्या. बारा वर्षांच्या असताना शिकण्यासाठी मुंबईला आल्या आणि पुढे ‘होली क्रॉस’ संघात गेल्या. १९९१ मध्ये पुण्यात त्यांच्याकडे एक गरोदर बाई आली. नवरा छळतो, रात्रीपुरता आसरा द्या, म्हणाली. कॉन्व्हेंटमध्ये बाहेरच्या बाईला ठेवायची सोय नव्हती. उद्या या, काहीतरी करू, असं सांगून लुसींनी तिला पाठवलं. त्याच रात्री नवऱ्याने तिला पेटवलं. ती गेली, पोटातलं सात महिन्यांचं बाळही गेलं. सिस्टर लुसींनी ही गोष्ट स्वतः पुन्हा पुन्हा, उघडपणे सांगितली आहे.

मला या घटनेत व्रतस्थ घराची सगळ्यांत कठीण बाजू दिसते. घराचा नियम घराला टिकवतो, आणि तोच नियम दाराशी आलेल्या बाईला परत पाठवतो. लुसींनी नियमाला दोष देऊन संघावर पाठ फिरवली नाही, आणि त्या नियमाआड लपल्याही नाहीत. सहा वर्षं त्या मार्ग शोधत राहिल्या आणि रात्री-बेरात्री उघडणारं दुसरं घर उभं केलं. माहेरात कुठल्याही धर्माची, कुठल्याही जातीची बाई येते. दिवाळी, ईद, नाताळ, सगळं साजरं होतं. टाकलेल्या बायका, मानसिक आजाराने रस्त्यावर आलेल्या बायका, मुलं, पुढे पुरुषही. भारत सरकारने सिस्टर लुसींना नारीशक्ती पुरस्कार दिला.

इथे धर्मांतराचा प्रश्न येतोच आणि तो टाळणं बरं नाही. सिस्टर सेवा करतात ती धर्म वाढवायला, असं म्हणणारे आपल्या घरात, सोसायटीच्या ग्रुपवर असतात. सिस्टर मिशनरी आहेत, हे त्या लपवत नाहीत. ख्रिस्तावरच्या श्रद्धेतूनच त्या हे करतात आणि ती श्रद्धा काढून घेतली तर काम उरणार नाही. पण आकडा पाहा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती १० लाख ८० हजार, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी. त्यातले वसई, उत्तन, मुंबईचे ईस्ट इंडियन, रेवदंड्याजवळचं कोर्लई, हे तर पोर्तुगीज काळापासूनचे. सिस्टरांच्या शाळांतून दीडशे वर्षं लाखो हिंदू, मुस्लिम, पारशी मुलं शिकून बाहेर पडली. ती ज्या धर्माची होती त्याच धर्माची राहिली. एवढा हिशेब आपल्यासमोर असताना २५ जुलै २०२५ ला छत्तीसगडमधल्या दुर्ग रेल्वे स्थानकावर दोन सिस्टरांना मानवी तस्करी आणि धर्मांतराच्या आरोपावरून अटक झाली आणि जामिनाला आठवडा लागला. त्यांच्याबरोबर कामासाठी निघालेल्या आदिवासी तरुणी होत्या. त्या बातमीनंतर साडी किंवा झगा घालून एकटीने रेल्वेने फिरणाऱ्या सिस्टरच्या मनात काय येत असेल, याचा विचार आपण करायला हवा.

धोका बाहेरूनच आहे असंही नाही. चर्चमध्ये मिस्सा साजरी करण्याचा, पापनिवेदन ऐकण्याचा अधिकार पुरुष धर्मगुरूंकडे आहे. शाळा सिस्टर चालवते, पण धर्मग्रामातला, म्हणजे पॅरिशमधला, अखेरचा शब्द सहसा फादरचा. भारतातल्या बिशपांच्या परिषदेने २०१० मध्ये स्त्री-पुरुष समानतेचं धोरण छापलं. ते धोरण आणि रोजचा व्यवहार यांत अंतर आहे. २०१८ मध्ये केरळातल्या पाच सिस्टर आपल्या एका सहकारी सिस्टरच्या बाजूने, बिशपावरच्या बलात्काराच्या आरोपाची चौकशी व्हावी म्हणून कोचीत रस्त्यावर धरण्याला बसल्या. जानेवारी २०२२ मध्ये कोट्टायमच्या न्यायालयाने त्या बिशपांची निर्दोष मुक्तता केली. निकाल निकालाच्या जागी. पण आज्ञापालनाचं व्रत घेतलेल्या बायका उघड्या रस्त्यावर बसल्या, ही भारतीय चर्चच्या इतिहासातली नवी गोष्ट होती. त्या घराच्या आतून उठलेला हा आवाज चर्चने जितका ऐकायला हवा होता त्याहून फार कमी ऐकला.

आणि आता माणसंच कमी होत आहेत. भारतात सिस्टरांची संख्या अजूनही लाखाच्या घरात सांगितली जाते, पण केरळात, गोव्यात, मंगळुरात, आपल्या वसईत मुली येणं आटलं आहे. पूर्वी सात-आठ भावंडांतली एक बहीण सिस्टर होत असे. आज घरात दोन मुलं, मुलगी परिचारिका होऊन आयर्लंडला जाते, कंपनीत लागते, लग्न करते किंवा करत नाही, आणि सेवा करायला व्रतं कशाला असं विचारते. प्रश्न रास्त आहे. पूर्वी शिकायला, घराबाहेर पडायला, संस्था चालवायला गरीब घरच्या मुलीपुढे कॉन्व्हेंट हा फार थोड्या मार्गांपैकी एक होता. आता तसं नाही, हे चांगलंच झालं. मात्र त्यामुळे काही घरांत वृद्ध सिस्टरांची संख्या काम करणाऱ्या सिस्टरांहून वाढते आहे. शाळा बाहेरच्या व्यवस्थापनाच्या हाती जातील, त्याने फार बिघडणार नाही. इंग्रजी शाळा चालवणारे नवी मुंबईत पुष्कळ आहेत. तुर्भ्याच्या वस्तीत, पगाराची अपेक्षा न ठेवता, दहा वर्षं त्याच बायकांबरोबर बसणारं दुसरं कोण आहे? त्या जागा रिकाम्या होतील तेव्हा त्या भरायला प्रवेशासाठी रांग लागणार नाही.

सगळ्यांनी व्रतं घ्यावीत असं कुणी म्हणत नाही. पण सिस्टर जान डेव्होस यांनी ज्या बायकांसाठी आयुष्य घातलं त्यातली एखादी आज सकाळी तुमच्या घरी येऊन गेली असेल. तिचं वय अठरा ते साठच्या दरम्यान असेल तर महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळाकडे तिची नोंदणी होऊ शकते. नोंदणी असलेल्या, पंचावन्न वर्षं पूर्ण केलेल्या घरकामगार बाईला सन्मानधन म्हणून दहा हजार रुपये देण्याची योजना आहे. त्यासाठी ती तुमच्याकडे काम करते एवढं लिहून द्यावं लागतं, आणि नेमकं तेवढंच लिहून द्यायला बहुतेक घरं कचरतात. तो कागद तिला द्या. आठवड्यातून एक दिवस भरपगारी सुट्टी द्या. आणि या दिवाळीला मिठाईच्या खोक्याबरोबर एका पूर्ण महिन्याचा पगार बोनस म्हणून तिच्या हातात ठेवा.